सुटकेनंतरचे घर

(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)

मंडळी, परवा तुम्ही पाटीवर ‘सुटका’ हा शब्द लिहिलात. बहुतेकांनी बरोबर लिहिला. आज त्याच शब्दाबद्दल थोडे बोलायचे आहे.

गुराचे दावे सोडले की गुरू सुटले. माणसाचे तसे नसते. माणसाला बांधायला दावे लागत नाही. कर्जाने माणूस बांधला जातो, शपथेने बांधला जातो, आणि लाजेने तर पक्का बांधला जातो. एखाद्या मुलीला फसवून परगावी नेले, विकले, शरीराच्या धंद्याला लावले, की तिच्या गळ्यात ही तिन्ही दावी पडतात. पुढे कधी पोलीस धाड घालतात. तिला गाडीत बसवून बाहेर आणतात. पेपरात छापून येते, अमुक इतक्या मुलींची सुटका. आपण वाचतो आणि पान उलटतो. पण त्या रात्री ती मुलगी झोपायला कुठे जाते? कोणाच्या दारात उभी राहते? हे पेपरात नसते.

या प्रश्नाचे एक उत्तर इटली देशातल्या काही ख्रिस्ती सिस्टर्सनी शोधले. त्यांची हकिगत आज सांगतो. विषय अवघड आहे. समोर बाया बसल्या आहेत, मग असले कशाला, असे काहींना वाटेल. आम्हांला वाटते, बाया बसल्या आहेत म्हणूनच सांगायचे.

आम्ही काही इटली पाहिलेली नाही. आमची धाव पंढरपुरापर्यंत. पण वाचता येते, म्हणून दूरचे कळते. तुम्हांलाही आता वाचता येऊ लागले आहे.

आधी सिस्टर म्हणजे कोण ते पाहू. दवाखान्यात इंजेक्शन देतात त्या सिस्टर वेगळ्या. ख्रिस्ती लोकांत कॅथलिक नावाचा मोठा पंथ आहे. त्यांचे सर्वांत मोठे धर्मगुरू म्हणजे पोप. ते इटलीत रोम शहराच्या पोटातच राहतात. या पंथात काही बाया लग्न करीत नाहीत. व्रत घेतात, आणि संघ करून एकत्र राहतात. त्यांना नन म्हणतात, सिस्टर म्हणतात. वसईकडे किंवा गोव्यात गेलात तर दिसतील. शाळा चालवतात, दवाखाने चालवतात.

आता नकाशात आफ्रिका खंड पाहा. त्याच्या पश्चिम बाजूला नायजेरिया हा देश आहे. त्यात एदो नावाचे राज्य, आणि त्या राज्याचे मोठे शहर बेनिन सिटी. इटलीत धंद्याला लावलेल्या नायजेरियन मुलींपैकी बहुतेक याच भागातल्या. घरी गरिबी. खाणारी तोंडे पुष्कळ. मग कोणीतरी येते. ते कोणी राक्षस नसते बरे का. ओळखीचेच असते. शेजारीण असते, लांबची मावशी असते. ती म्हणते, पोरीला युरोपात पाठवा, केस विंचरायच्या दुकानात काम आहे, म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचे काम आहे, महिन्याला घरी पैसे येतील. आईबापांना वाटते, देवच पावला.

प्रवासाचा खर्च कोण करणार? नेणारी बाईच करते. म्हणजे ती उचल झाली. ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींना उचल म्हणजे काय ते सांगायला नको. मुकादमाकडून आधी पैसे घ्यायचे आणि हंगामभर अंग मोडून फेडायचे. त्या मुलींची उचल वीस हजार, तीस हजार, कधी पन्नास हजार युरो असते. युरो हे तिकडचे नाणे. एका युरोला शंभराच्या आसपास रुपये पडतात. म्हणजे तीस हजार युरोला पंचवीस लाखांच्या वर रुपये झाले. मुलीला आकडा सांगतात, पण युरोची किंमत सांगत नाहीत. तिला वाटते, चार-सहा महिन्यांत फिटेल. हिशेब येत नसला की असे होते. म्हणून आम्ही गणिताच्या तासाला तुमच्या मागे लागतो.

पैशांचे दावे हे एक. दुसरे त्याहून घट्ट. निघण्याआधी मुलीला एका भगताकडे नेतात. या प्रकाराला तिकडे जुजू म्हणतात. आपल्याकडे बेलभंडारा उचलून शपथ घेतात ना, तशातलाच प्रकार, पण फार भयंकर. मुलीचे केस घेतात, नखे घेतात, रक्ताचा थेंब घेतात, अंगावरच्या कपड्याचा तुकडा घेतात. त्याची पुरचुंडी बांधून भगत आपल्यापाशी ठेवतो. मुलीने शपथ घ्यायची, की सगळे कर्ज फेडीन, नेणाऱ्याचे नाव कोणाला सांगणार नाही, पळून जाणार नाही. शपथ मोडली तर वेड लागेल, मरण येईल, घरची माणसे मरतील. तिचे केस तिकडे भगताच्या घरी, आणि ती इकडे हजारो मैलांवर. पण भीती तिच्याबरोबर जाते.

कोणी हसू नका. आपल्याकडेही देवाच्या नावाने मुली बांधल्याच आहेत. देवीला मुलगी सोडायची, आणि पुढे त्यांतल्या कित्येकींना मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत धंद्याला बसवायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या चालले. देवदासींच्या रक्षणासाठी मुंबई सरकारने १९३४ साली कायदा केला. महाराष्ट्र सरकारला २००५ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला. मधल्या सत्तर वर्षांत काय चालले असेल ते तुम्हीच समजा.

तर मुलगी निघते. सहारा नावाचे मोठे वाळवंट ट्रकमधून ओलांडायचे. पुढे लिबिया देश. तिथे कोंडून ठेवतात, मारतात, अब्रू घेतात. मग रबरी होडीत कोंबून समुद्रात सोडतात. कित्येकजणी बुडतात. ज्या वाचतात त्या इटलीच्या किनाऱ्याला लागतात. २०१४ साली समुद्रातून आलेल्या नायजेरियन बाया दीड हजाराच्या आसपास होत्या. २०१६ साली त्या ११,००० च्या वर गेल्या. परदेशी स्थलांतर करणाऱ्यांचे काम पाहणारी संयुक्त राष्ट्रांची एक संघटना आहे. तिने अंदाज केला, की यांतल्या शंभरात ऐंशी जणी धंद्यासाठी आणलेल्या असाव्यात.

इटलीत मॅडम वाट पाहत असते. पुष्कळदा तीही नायजेरियनच, आणि पुष्कळदा एके काळी स्वतः अशीच विकली गेलेली. मुलीला रात्री हमरस्त्याच्या कडेला उभे करतात. थंडीत, पावसात. मिळेल तो पैसा मॅडमला द्यायचा. वर खोलीचे भाडे, जेवणाचे पैसे, उभे राहण्याच्या जागेचेही पैसे. कर्ज हलत नाही. मुलीजवळ कागदपत्र नाही, भाषा येत नाही, पोलिसाला पाहिले की ती पळते. कारण पोलीस पकडून परत पाठवतील, कर्ज तसेच राहील, आणि शपथ मोडेल.

सिस्टर युजेनिया बोनेत्ती नावाच्या एक बाई आहेत. त्यांनी आफ्रिकेतल्या केनिया देशात चोवीस वर्षे काम केले. मग त्या इटलीत तुरीन शहरात परदेशी बायांच्या मदतकेंद्रात आल्या. १९९३ सालच्या नोव्हेंबर महिन्यातली संध्याकाळ. त्यांना प्रार्थनेला जायची घाई होती. तेवढ्यात एक नायजेरियन बाई आली. आजारी होती. हातात डॉक्टरची चिठ्ठी होती. रस्त्यावर उभी राहणारी बाई आहे, हे दिसत होते. सिस्टरांना वाटले, ही ब्याद आत्ताच कुठून आली. हे त्यांनीच पुढे लोकांना सांगितले आहे. त्या म्हणाल्या, उद्या या. पण ती बाई त्यांच्यामागून चर्चमध्ये गेली, मागच्या बाजूला गुडघे टेकले आणि रडत राहिली. सिस्टरांना प्रार्थना सुचेना. बाहेर आल्यावर त्यांनी तिची सगळी कहाणी ऐकून घेतली. ती घरी मुले ठेवून आली होती.

त्या संध्याकाळपासून सिस्टर युजेनियांचे काम बदलले. रात्री रस्त्यावर जाऊन त्या मुलींशी बोलू लागल्या. आफ्रिकेत राहिल्यामुळे त्यांना मुलींची रीतभात कळत होती, हा मोठा फायदा झाला. २००० साली इटलीतल्या सर्व सिस्टरसंघांच्या संघटनेने या कामाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. पुढे सत्तर-ऐंशी संघांतल्या अडीचशेच्या आसपास सिस्टर्स या कामात आल्या. शंभरच्या आसपास घरे उभी राहिली. घरे म्हणजे मोठे वाडे नव्हेत. कुठे मठाच्या रिकाम्या खोल्या, कुठे भाड्याचा ब्लॉक. एका घरात सहा, आठ, फार तर दहा मुली.

यांतल्या एका घराची हकिगत जरा सविस्तर सांगतो. इटलीच्या दक्षिणेला काझेर्ता नावाचे शहर आहे. जवळून दोमित्सियाना नावाचा रस्ता जातो. त्या रस्त्यावर आफ्रिकेच्या मुली रांगेने उभ्या असत. १९९५ साली सिस्टर रीता जारेत्ता आणि त्यांच्या सोबतिणी उत्तरेकडून या शहरात आल्या. घराचे नाव त्यांनी ठेवले ‘कासा रूत’. कासा म्हणजे घर. रूत ही बायबलातली एक बाई. विधवा झाली, पण म्हाताऱ्या सासूला एकटे सोडले नाही. सासूबरोबर परक्या मुलखात आली, आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून दोघींचे पोट भरले. परक्या मुलखात आलेल्या मुलींच्या घराला हे नाव फार चांगले शोधले, असे आमचे मत.

१९९७ सालच्या ८ मार्चला, म्हणजे महिलादिनी, या सिस्टर्स त्या रस्त्यावर गेल्या. हातात फुलांची लहान रोपे होती. एकेका मुलीपाशी थांबायचे, रोप द्यायचे, दोन शब्द बोलायचे. मुली चकित झाल्या. त्यांच्यापाशी थांबणारा प्रत्येक माणूस काहीतरी घ्यायलाच थांबत असे. मग एकेक मुलगी सिस्टर्सना ओळखू लागली. कोणी पत्ता विचारला. कोणी एका रात्री दारात येऊन उभी राहिली.

अशा घरात आल्यावर काय होते? ऐकणाऱ्याला वाटते, मुलगी आनंदाने नाचत असेल. तसे नसते. पहिले काही दिवस ती नुसती झोपते, किंवा अजिबात झोपत नाही. रात्री दचकून उठते. दार वाजले की कोपऱ्यात जाते. पोटात दुखते, डोके दुखते. डॉक्टर तपासतात, काही सापडते, काही सापडत नाही. कोणाशी बोलत नाही. सिस्टर्स तिला खोदून विचारीत नाहीत. काय झाले, किती जण होते, हे असले प्रश्न विचारायचेच नाहीत, असा त्यांचा नेम. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. कोणी आठ दिवसांत सांगते, कोणी आठ महिन्यांनी, कोणी कधीच नाही. तोवर भाजी चिरायची, कपडे वाळत घालायचे, आधी आलेल्या मुलींबरोबर बसायचे. मनाचे डॉक्टर असतात, त्यांच्याशी बोलता येते. मनालाही जखम होते आणि तिलाही डॉक्टर लागतो, हे आपल्याकडे अजून पटत नाही. देवऋषी पटतो.

एक नियम मात्र कडक असतो. पहिल्या दिवसांत मोबाईल वापरू देत नाहीत, आणि घराचा पत्ता कोणाला सांगू देत नाहीत. कारण मॅडम फोन करून धमकावते, कधी नायजेरियात आईच्या दारात गुंड पाठवते. हा नियम का आहे ते मुलीला आधी समजावतात. तिला पटले नाही, जायचे म्हणाली, तर तिला कोंडून ठेवीत नाहीत. काही मुली खरोखरच जातात. कर्जाच्या आणि शपथेच्या भीतीने पुन्हा मॅडमकडे जातात. पुन्हा कधी त्यांनी दार वाजवले तर दार उघडायचे.

मुलगी थोडी सावरली की भाषा शिकवतात. तुमच्यासारखाच वर्ग. पाटी, खडू, आणि रोजचे शब्द: भाकरी, बस, डॉक्टर, पगार. मग कागदपत्रे. इटली सरकारने १९९८ साली एक चांगला कायदा केला. त्याचे १८ वे कलम अशा मुलींसाठी आहे. धंद्यातून बाहेर पडलेल्या आणि जिवाला धोका असलेल्या मुलीला देशात राहण्याचा परवाना मिळतो. तिने पोलिसांत तक्रार दिली तर मिळतोच. पण भीतीने तक्रार देता आली नाही, तरी तिला सांभाळणाऱ्या संस्थेच्या सांगण्यावरून मिळू शकतो. आधी सहा महिने, मग आणखी वर्षभर, मग नोकरी लागली की पुढे. आमच्या मते या कलमातली शहाणपणाची गोष्ट हीच. आधी साक्ष दे, मग भाकरी देतो, असे त्यात नाही.

आणि मग काम. कासा रूतच्या बायांनी २००४ साली सहकारी संस्था काढली. नाव ‘न्यू होप’, म्हणजे नवी आशा. शिवणकाम करायचे. आफ्रिकेचे रंगीबेरंगी कापड आणायचे, त्याच्या पिशव्या, पाकिटे, घरातल्या वस्तू शिवून विकायच्या. शिवणयंत्र आपल्याकडेही प्रत्येक महिला मंडळात असते, त्यात काय नवल, असे तुम्ही म्हणाल. नवल पगाराचे. या मुलींनी आजवर मिळवलेला प्रत्येक पैसा दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो. पहिल्यांदा पैसा आपल्या हातात येतो, आणि तो कसा खर्चायचा हे कोणी विचारीत नाही.

राहिली ती शपथ. ती सिस्टर्सना सोडवता येत नव्हती. त्या मुलींना सांगत, देव असा नसतो, भिऊ नका. बहुतेक नायजेरियन मुली आधीच ख्रिस्ती असतात, चर्चला जातात, तरीही जुजूची भीती जात नाही. आपल्याकडेही शिकलेला माणूस मांजर आडवे गेले की थांबतोच. मग २०१८ साली एक गोष्ट घडली. बेनिन सिटीला फार जुनी राजगादी आहे. तिथल्या राजाला ओबा म्हणतात. लोक त्याला धर्माच्या बाबतीतही फार मानतात. ९ मार्च २०१८ रोजी ओबा एवुआरे दुसरे यांनी राज्यातले भगत आणि पुजारी राजवाड्यात बोलावले. सर्वांसमक्ष जाहीर केले, की परदेशी पाठवलेल्या मुलींना घातलेल्या सगळ्या शपथा आजपासून रद्द. आणि यापुढे जो कोणी अशी शपथ घालील, त्यालाच शाप लागेल. ही बातमी फोनवरून इटलीत पोहोचली. काही मुलींनी मॅडमला पैसे देणे बंद केले. काही घरे सोडून बाहेर पडल्या. धंदा काही त्यामुळे बुडाला नाही. चोर दुसरी वाट काढतोच. पण ज्या गाठीवर पोलिसांचे, कोर्टाचे काही चालत नव्हते, ती गाठ तिथल्याच मोठ्या माणसाने एका सकाळी सैल केली. आपल्याकडच्या भगतांनी आणि पुजाऱ्यांनी हे ऐकावे म्हणून मुद्दाम सांगितले.

आता कोणी म्हणेल, गुरुजी सिस्टर्सचे फारच गुणगान करताहेत. तर दुसरी बाजूही सांगतो. आयर्लंड हाही कॅथलिक लोकांचा देश. तिथे सिस्टर्सनीच चालवलेली काही घरे होती. त्यांना मॅग्डलिन धुलाईखाने म्हणत. लग्नाआधी गरोदर राहिलेली मुलगी, अनाथ मुलगी, ‘वाईट वळणाची’ ठरवलेली मुलगी तिथे नेऊन टाकायची. दार बाहेरून बंद. दिवसभर हॉटेलांचे, दवाखान्यांचे कपडे धुवायचे, मजुरी नाही. कित्येकींचे नावही बदलून टाकत. १९२२ पासून दहा हजारांच्या वर बाया अशा घरांत गेल्या. शेवटचा धुलाईखाना १९९६ साली बंद झाला. २०१३ साली तिथल्या पंतप्रधानांनी लोकसभेत उभे राहून या बायांची माफी मागितली.

आता व्हेनिसची गोष्ट ऐका. तेही सिस्टर्सचेच घर. सुदान देशातली एक मुलगी होती. सात-आठ वर्षांची असताना तिला पळवून नेले आणि बाजारात विकले. भीतीने ती स्वतःचे नाव विसरली. पळवणाऱ्यांनी तिला ‘बखिता’ म्हटले. अरबी भाषेत त्याचा अर्थ भाग्यवान! पुन्हा पुन्हा विकली गेली. एका मालकिणीने तिच्या अंगावर सुरीने नक्षी कोरवून जखमांत मीठ भरले. शेवटी १८८३ साली तिला इटलीच्या वकिलाने विकत घेतले. पुढे ती इटलीत आली, आणि एका कुटुंबाची मुलगी सांभाळू लागली. मालकीण काही दिवस परदेशी गेली, तेव्हा बखिताला व्हेनिस शहरात कानोसा संघाच्या सिस्टर्सकडे ठेवले. मालकीण परत न्यायला आली, तेव्हा बखिता म्हणाली, मी येत नाही. मालकीण रागावली, रडली, मोठ्या लोकांकडे गेली. सिस्टर्स मुलीच्या बाजूने उभ्या राहिल्या. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी निकाल झाला, की इटलीचा कायदा गुलामगिरी मानीत नाही. ही मुलगी स्वतंत्र आहे. तिला वाटेल तिथे तिने राहावे. ती त्याच घरात राहिली. पुढे सिस्टर झाली, स्वयंपाक केला, भरतकाम केले, दारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची विचारपूस केली. १९४७ साली ८ फेब्रुवारीला वारली. २००० साली पोपनी तिला संतपद दिले. मुंबईत माहीमला कानोसा नावाची मुलींची शाळा आहे, ती याच संघाची.

एकाच पंथाची दोन घरे. एका घराने मुलीला आत कोंडले. दुसऱ्या घराने तिला बाहेर ओढणाऱ्याला आत येऊ दिले नाही. दाराची कडी कोणत्या बाजूला आहे, एवढे पाहिले की घर ओळखता येते. आपल्या देशातही हे पाहावे लागते. धाडीत सापडलेल्या सज्ञान बायांना मनाविरुद्ध सुधारगृहात ठेवण्याचे हुकूम होतात. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाने अशा तीन बायांना सोडायला लावले. सज्ञान बाईला कुठे राहायचे ते ठरवण्याचा हक्क आहे, असे कोर्टाने सांगितले.

२००९ साली जगभरच्या सिस्टर्सनी मिळून ‘तालिथा कुम’ नावाचे मोठे जाळे विणले. येशूच्या काळच्या बोलीत त्याचा अर्थ, मुली, ऊठ. शंभराच्या आसपास देशांत हे काम चालते. भारतातल्या सिस्टर्सही त्यात आहेत. बखिताच्या पुण्यतिथीला, ८ फेब्रुवारीला, २०१५ पासून या कामासाठी प्रार्थनेचा दिवस पाळतात.

आता अवघड भागाकडे येतो. काही मुलींना घरी परतायचे असते. नायजेरियातल्या सिस्टर्सनी १९९९ साली त्यासाठी समिती काढली, आणि पुढे बेनिन सिटीत घर उघडले. परत येणारी मुलगी आधी तिथे उतरते. थेट गावी का नाही? कारण गाव विचारते, युरोपातून आलीस, पैसे कुठे आहेत? शेजारणीच्या मुलीने घर बांधून दिले, तू काय आणलेस? आणि मागून कुजबुज. कधी आईबापच म्हणतात, परत जा. म्हणून सिस्टर आधी घरी जाऊन बसतात, आईशी बोलतात, मग मुलीला नेतात.

हे सगळे तिकडचे, असे समजू नका. १९९६ सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या कुंटणखान्यांवर मोठी धाड पडली. शेकडो मुली बाहेर आल्या. त्यांत पुष्कळ नेपाळच्या. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार होईना. मुली कित्येक महिने मुंबईच्या आश्रयगृहांत पडून राहिल्या. शेवटी नेपाळच्या काही संस्थांनी पुढाकार घेऊन सव्वाशेवर मुली परत नेल्या. त्यांतल्याच काही मुलींनी पुढे स्वतःची संस्था काढली, ‘शक्ती समूह’. आपल्यासारख्या फसलेल्या मुलींना त्या आधार देतात. २०१३ साली या संस्थेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना त्यांचाच देश घ्यायला तयार नव्हता, त्या या मुली.

उद्या आपल्या गावची एखादी मुलगी अशी परत आली तर? आम्ही वर्गात हे विचारले तेव्हा सगळे गप्प बसले. एक जण म्हणाला, तिच्या धाकट्या बहिणीचे लग्न कसे जमायचे? प्रश्न खोटा नाही. आम्ही तो झटकून टाकीत नाही. पण हिशेब असा मांडून पाहा. दलालाने मुलगी विकली, तो गावात उजळ माथ्याने फिरतो, त्याच्या घरी पंगतीला माणसे जातात. आणि मुलीच्या घरचा हळदीकुंकवाचा निरोप बंद होतो. मुलीला परत धंद्याकडे ढकलायला दलालाला काही करावेच लागत नाही. ते काम गावच करते. सिस्टर्सनी वर्ष-दोन वर्षे खपून जे सांधले, ते पारावरच्या एका शब्दाने मोडते.

एवढे लिहून घ्या. कोणी नोकरीचे, लग्नाचे आमिष दाखवून मुलगी नेत असेल तर ११२ नंबरला फोन करा. मूल अठरा वर्षांखालचे असेल तर १०९८. बायांच्या मदतीसाठी १८१. फोनला पैसे पडत नाहीत. माणसांची खरेदीविक्री करणे आपल्याकडे मोठा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून जो नवा फौजदारी कायदा, भारतीय न्याय संहिता, लागू झाला आहे, त्याचे १४३ वे कलम याचेच. लग्न जमवणारा माणूस अनोळखी असेल, हुंडा नको म्हणत असेल, उलट मुलीच्या बापालाच पैसे देत असेल, तर त्याचे गाव आणि घर पाहून आल्याशिवाय होय म्हणू नका.

मागच्या रांगेतून विचारले आहे, की या घरांना पैसे कोण देते? काही सरकार देते. काही चर्चकडून येतात. इटलीत आयकर भरणारा माणूस आपल्या कराचा लहान वाटा कोणत्या धर्मसंस्थेला द्यायचा ते फॉर्मवर लिहू शकतो. काही लोक वर्गणी देतात. आणि शिवणाची पिशवी विकली की थोडे तेही.

आणखी एका आजींचा प्रश्न आहे. त्या विचारतात, गुरुजी, त्या पोरींची लग्ने होतात का? होतात, आजी. काहींची झाली. काही जणी पोटुशी असतानाच त्या घरात येतात, त्यांची बाळंतपणे तिथेच निघतात, आणि आधी आलेल्या मुली बाळंतिणीचे करतात. काहींनी लग्न केलेच नाही. भाड्याची खोली घेतली आहे. सकाळी पोराला शाळेत सोडायचे, कामावर जायचे, पगाराच्या दिवशी नायजेरियात आईला थोडे पैसे पाठवायचे. आईला सगळे सांगितले आहे की नाही, हे एकीचे दुसरीसारखे नसते.